पेटी माझी, अहवाल कोणाचा?

पत्र (थोडं आवरून):

काका, सा. न. मी दांडिया बाजारात राहते. पाच वर्षांपूर्वी पादरा तालुक्यात दिरांच्या शेतावर मधमाश्यांच्या (मेलिफेरा जातीच्या) दहा पेट्या ठेवल्या होत्या, आज ५८ आहेत. दसरा झाला की ट्रक करून आम्ही मेहसाण्याकडे मोहरीच्या फुलोऱ्यावर पेट्या घेऊन जातो. आता एका कंपनीचा माणूस आमच्या मागे लागला आहे. पेटीमागे वर्षाला ४०० रुपये द्यायचे. ते चार वेळा येऊन पेट्या तपासणार, औषध त्यांचंच, आणि मधही त्यांनाच घालायचा. करारात एक कलम आहे की तपासणीचा अहवाल कंपनीच्या मालकीचा राहील आणि तो बाहेर कोणाला दाखवता येणार नाही. आमच्या गटातले पाचही जण सही करायला तयार आहेत. ताईचे यजमान इंग्लंडमध्ये हौसेने माश्या पाळतात. ते म्हणतात, 'इकडे सरकारने माश्यांचे डॉक्टर कंपनीला विकले आणि पस्तावले, तू सही करू नकोस.' खरं काय आहे? सही करू का?

ता. क. जुलैपासून आमच्या एका पेटीला वास येतोय. यांनी ती उचलून बांधाच्या कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, सध्या कोणाजवळ बोलू नकोस, नाहीतर मोहरीवर कोणी शेजारी लावू देणार नाही. ती अजून तिथेच आहे. हे आपलं उगीच सांगितलं.

- एक वाचक, बडोदे

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वरून खाली वाचलं आणि तिसऱ्यांदा खालून वर. 'उगीच सांगितलं' म्हणता, पण त्या पत्रातलं सगळ्यात कामाचं तेच आहे. करार, कंपनी, इंग्लंड, सगळ्याबद्दल बोलू. त्याआधी दोन कामं आजच्या आज करा. त्या पेटीचं दार लहान करा, एका वेळी दोन माश्या जातील एवढंच ठेवा. बाकीची फट गवत कोंबून किंवा लाकडाची पट्टी लावून बुजवा. पेटी अशक्त झाली की शेजारच्या पेट्यांच्या माश्या तिच्यावर लुटीला येतात आणि मधाबरोबर रोगही घरी घेऊन जातात. दुसरं म्हणजे तिच्यातली एकही चौकट, मधाची असो वा पिल्लांची, दुसऱ्या कुठल्या पेटीत घालू नका. चौकटी उचकटायची पट्टी आणि हातमोजे त्या पेटीपुरते वेगळे ठेवा. बास. बाकीचं पुढे येतंच.

आता भावोजींकडे वळू. ते म्हणतात त्यातलं अर्धं खरं आहे, पण उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे.

यॉर्क शहराजवळ सँड हटन म्हणून एक ठिकाण आहे. तिथे ब्रिटिश सरकारची अन्न आणि पर्यावरण संशोधनाची संस्था होती, 'फेरा' नावाची. मधमाश्यांचे रोग बघणारं नॅशनल बी युनिट तिच्याच छपराखाली. तिथल्या सरकारने या फेरात खासगी भागीदार घ्यायचं ठरवलं आणि २०१५ साली कॅपिटा नावाच्या कंपनीला ७५ टक्के हिस्सा दिला. सरकारकडे उरले २५ टक्के. इथपर्यंत भावोजी बरोबर आहेत. पण हा व्यवहार होण्याआधी, ऑक्टोबर २०१४ मध्येच, माश्यांचे निरीक्षक फेरातून काढून प्राणी आणि वनस्पतींचं आरोग्य बघणाऱ्या दुसऱ्या सरकारी संस्थेत नेले होते. म्हणजे प्रयोगशाळेची इमारत कंपनीच्या वाट्याला गेली आणि पेट्या उघडून बघणारा माणूस सरकारचाच राहिला. गंमत अशी की त्याचं ऑफिस आजही त्याच सँड हटनच्या आवारात आहे. आपल्याकडे वाड्याच्या वाटण्या होतात तेव्हा खोल्या वाटतात, माड्या वाटतात, पण विहीर सामायिक ठेवतात. तसंच हे. 'विकून पस्तावले' म्हणण्यापेक्षा 'विकताना विहीर बाजूला काढली' हे खरं.

ही विहीर बाजूला का काढली ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या सहीचा निर्णय त्यातच आहे.

इंग्लंडमध्ये माश्यांच्या पिल्लांना होणारे दोन रोग, अमेरिकन फाउलब्रूड आणि युरोपियन फाउलब्रूड, कायद्याने कळवावेच लागतात. नुसता संशय आला तरी. कळवलं की निरीक्षक येतो आणि त्याचा एक पैसा लागत नाही. तो आधी हुकूम काढतो की या जागेवरून पेटी, चौकट, काहीही हलवायचं नाही. अमेरिकन निघाला तर खड्डा खणून पेटीतलं सगळं जाळतात. मग तो आसपासच्या पेट्याही बघत फिरतो, मालकाने बोलावलं असो वा नसो, आत शिरायचा अधिकार त्याला कायद्याने आहे. आता सांगा, यातलं कुठलं काम तुमच्या कंपनीच्या माणसाला करता येईल? तुम्ही ४०० रुपये भरलेत, तो तुमच्या पेट्या बघेल. कालव्यापलीकडच्या शेतकऱ्याने भरले नाहीत, तर त्याच्याकडे रोग असला तरी याला बघायचा हक्क नाही आणि बघायची गरजही नाही. माशी मात्र दोन-तीन किलोमीटर सहज जाते. तिला सातबारा माहीत नसतो. हो, गुजरातेतही सातबाराच म्हणतात.

आणखी एक. तिथे टेट्रासायक्लिनसारखं अँटिबायोटिक औषध अमेरिकन फाउलब्रूडसाठी वापरूच देत नाहीत. रोग सांगणाऱ्याला औषध विकून काहीच मिळत नाही. तुमच्या करारात रोग सांगणारा, औषध देणारा आणि मध घेणारा, तिघेही एकच. एकाच माणसाने डॉक्टर, केमिस्ट आणि सावकार व्हायचं म्हटल्यावर रोगी काय बोलणार!

हे मी शहाणपणाने बोलतोय असं वाटेल. तसं नाही. मीही हेच केलंय.

पंधराएक वर्षं झाली. सावली तालुक्यात माझ्या ३० पेट्या होत्या. नोकरीत होतो, शनिवार-रविवार जायचो. एका पावसाळ्यात दोन पेट्यांत पिल्लं पिवळी पडून वेडीवाकडी झोपलेली दिसली, आंबूस वास. एका ओळखीच्या विक्रेत्याने पाकिटातली पांढरी पावडर दिली, साखरेच्या पाकात मिसळून घाल म्हणाला. घातली. पंधरा दिवसांत पेट्या अशा उभारल्या की मीच माझ्यावर खूश. हिवाळ्यात त्यातल्या चार चौकटी मी एका मित्राला दिल्या, त्याची पेटी अशक्त होती म्हणून, फुकट, वर उपकार केल्याच्या थाटात. फाल्गुनात त्याच्या सहा पेट्या गेल्या. तो येऊन मलाच विचारत होता, 'अरे, तुझ्याकडे असं काही झालं होतं का?' मी नाही म्हणालो. त्या 'नाही'चं काय करायचं ते अजून मला कळलेलं नाही. तो आता माश्या पाळत नाही. आम्ही खंडेराव मार्केटात भेटतो, भाज्यांच्या भावाबद्दल बोलतो.

मला तेव्हा सांगायला कोणी नव्हतं असंही नाही. पण सांगितलं तर काय मिळणार होतं? पेट्या जातील, मध कोणी घेणार नाही, चार लोकांत नाव होईल. न सांगण्यात मात्र काहीच तोटा दिसत नव्हता. तुमच्या यजमानांनी नेमका हाच हिशेब केला आहे, त्यांच्यावर रागावू नका. सगळेच हाच हिशेब करतात. म्हणून मधमाशीच्या आरोग्यासाठी केलेली कुठलीही व्यवस्था, सरकारी असो की खासगी, मी एकाच गोष्टीवर जोखतो: ज्याच्या पेटीत रोग निघाला त्याला तो सांगणं परवडतं का? इंग्लंडात निरीक्षक फुकट येतो तो याचसाठी. तपासणीला पैसे लागले की लोक तपासायचं टाळतात. रोग निघाल्यावर माल अडकला की लोक रोग लपवतात. तुमच्या करारात तर लपवणं हे कलमच करून ठेवलंय: अहवाल बाहेर दाखवायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, काका, इंग्लंडचं ठीक आहे, इथे कुठला निरीक्षक येतो? खरं आहे. इथे खासगी करायला आधी सरकारी असायला हवं ना! कागदावर आहे बरं का. २००९ सालचा केंद्राचा कायदा आहे, प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा. त्याच्या परिशिष्टात गायी-म्हशी, कोंबड्या, मासे यांच्याबरोबर मधमाश्यांचेही रोग आहेत: दोन्ही फाउलब्रूड, व्हरोआ आणि ट्रोपिलेलॅप्स हे माश्यांना चिकटणारे बारीक किडे (माइट), पेटीतला छोटा भुंगा, सगळे. मालकाने कळवायचं, असंही त्यात आहे. पण गावच्या पशुवैद्याला तुम्ही 'माझ्या माश्यांची पिल्लं मरतायत' म्हणून सांगून बघा, तो तुमच्याकडे कसा बघतो ते. त्याचाही दोष नाही. कायदा पशुसंवर्धनाकडे, राष्ट्रीय मधमाशी बोर्ड कृषी मंत्रालयात, आणि खादी आयोग तिसऱ्याच मंत्रालयाखाली. माशी आपली सरकारी दप्तरांत तळ्यात-मळ्यात खेळतेय.

पैसा आला नाही असंही नाही. २०२० साली केंद्राने मधमाशीपालन आणि मधाच्या राष्ट्रीय मिशनसाठी ५०० कोटी रुपये मंजूर केले. त्याच वर्षी आणंदला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या आवारात मध तपासायची अद्ययावत प्रयोगशाळा उभी राहिली, तुमच्या घरापासून तासाभरावर. साखरेचा पाक मिसळला का, अँटिबायोटिक उतरलंय का, सगळं कळतं. छान आहे, अभिमान वाटावा असंच आहे. पण एक लक्षात घ्या, ती मध तपासते. मधाला गिऱ्हाईक आहे म्हणून त्याला प्रयोगशाळा मिळाली. पिल्लू कशाने मेलं हे विचारणारं गिऱ्हाईक नाही. आणि दोन्हींचा संबंध किती जवळचा आहे बघा: २०१० साली युरोपने भारतातला मध घेणं थांबवलं, त्यामागच्या कारणांत अँटिबायोटिकचे अंश होतेच. ती अँटिबायोटिकं मधात आकाशातून पडली नव्हती. माझ्यासारख्यांनी पाकातून घातली होती.

थोडं विषयांतर. आपण बडोद्याची माणसं, सरकारने फुकट काही केलं की त्यात आपल्याला नवल वाटत नाही, कारण आपल्याला सवय लावली ती सयाजीराव महाराजांनी. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला आणलं, आणि त्या व्यवस्थेतून पुढे गावोगाव लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरू लागली. वाचणाऱ्याला काही पडत नसे. माझे आजोबा डभोईला अशा पेटीची वाट बघायचे, असं घरात सांगत. महाराजांना कोणी विचारलं असतं की ही पेटी प्रत्येक गावाने वर्गणी भरून मागवावी का, तर ते काय म्हणाले असते कोण जाणे. पण वर्गणी भरणारी गावं आधीच वाचणारी असतात, असं मला वाटतं. मधमाशीचं तेच आहे. तपासणीचे पैसे भरणारा माणूस आधीच काळजी घेणारा असतो. रोग ज्याच्याकडे आहे तो भरत नाही.

म्हणून सरकार ते सगळं चांगलं आणि कंपनी ती सगळी वाईट, असं तुम्हाला सांगणार नाही. तिसराही रस्ता निघू शकतो, आणि तो न्यूझीलंडच्या लोकांनी काढून दाखवलाय. तिथे १९०६ पासून मधमाश्यांचा कायदा होता आणि सरकारी निरीक्षकही होते. पुढे सरकारने खर्चातून अंग काढलं. तिथले मधपाळ थोडे दिवस ओरडले असतील, पण नंतर त्यांनी काय केलं? स्वतःवर वर्गणीची पट्टी बसवून घेतली. १९९८ पासून त्यांचीच योजना आहे, अमेरिकन फाउलब्रूड देशातल्या पाळीव वसाहतींतून हद्दपार करायची. पैसे मधपाळांचे, नियम मधपाळांचे, आणि मागे कायद्याचा दट्ट्या. औषध घालायला बंदी. रोग सापडला की सात दिवसांच्या आत कळवायचं आणि जाळायचं. तपासणीचं काम त्यांनी ठेकेदार संस्थेकडून करून घेतलं आहे, पण कोणाच्या पेट्या बघायच्या आणि अहवालाचं काय करायचं हे ठेकेदार ठरवत नाही. तुमच्या करारापेक्षा हे कुठे वेगळं आहे ते तुम्हाला दिसलंच असेल.

तर सही. आहे तसा करार असेल तर करू नका. पण त्या माणसाला हाकलूनही देऊ नका. चार वेळा येऊन पेट्या बघणारा कोणी मिळतोय, ही आपल्या भागात लहान गोष्ट नाही. त्याला सांगा की तीन गोष्टी बदलून आणा. अहवालाची एक प्रत माझी, आणि ती मी गटात दाखवणार, कृषी विद्यापीठात दाखवणार, ज्याला दाखवायची त्याला दाखवणार. औषध घालायचं की नाही ते मी ठरवणार, आणि जे घालाल त्याचं नाव, प्रमाण, तारीख लिहून द्यायची, 'आमची खास पावडर' चालणार नाही. आणि मध दुसऱ्याला घालायची मोकळीक. तिसऱ्यावर तो अडेल, मला वाटतं. धंदा मधातच आहे, तपासणी हे त्या मधाला बांधायचं दावं आहे. पहिल्यावर मात्र तुम्ही अडा. पहिलं मान्य केलं नाही तर बाकीचं बोलायचंच नाही, चहा पाजून रवाना करा.

आणि पाचही जण तयार असताना तुम्ही एकटीने वेगळं कसं व्हायचं, हा तुमच्या पत्रात न लिहिलेला प्रश्न. एकटीने होऊच नका. इंग्लंडातल्या मधपाळांनी एक गोष्ट केली आहे ती आपल्याला सहज जमेल. तिथे जाळलेल्या पेटीची भरपाई सरकार देत नाही. मग त्यांच्या संघटनांनी मिळून स्वतःचा विमा काढला, प्रत्येकाने थोडे थोडे भरायचे आणि फाउलब्रूडपायी ज्याची वसाहत नष्ट करावी लागली त्याला त्यातून द्यायचे. आपल्या भाषेत ही भिशीच आहे, ताई. दांडिया बाजारातल्या बायकांना भिशी शिकवायला कोणी लागत नाही. सहा जण आहात, पेटीमागे ठरवून दरमहा काही रक्कम काढा. कंपनीला वर्षाला देणार त्याच्या निम्मीसुद्धा वर्षभरात पुरे. रोगाने पेटी घालवावी लागली तर पेटी आणि वसाहतीची किंमत भिशीतून. अट एकच: ज्याने आठ दिवसांत सांगितलं त्यालाच. लपवून मागाहून सापडलं तर पैसे नाहीत. आज तुमच्या यजमानांना गप्प बसणं फायद्याचं वाटतं ना, मग बोलणं फायद्याचं होईल असं काही उभं करा.

दर दीड महिन्याला सहा जणांनी एकमेकांच्या पेट्या उघडायच्या, आपल्या आपण नाही. स्वतःच्या पेटीतलं मेलेलं पिल्लू डोळ्यांना दिसत नाही, मी सांगतो. त्यातच माइटही मोजा. पिल्लांच्या चौकटीवरून अर्धा कप माश्या, साधारण ३०० होतात, राणी नाही ना ते बघून, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. चमचाभर पिठीसाखर टाका, हलक्या हाताने घोळवा, दोन मिनिटं थांबा आणि पांढऱ्या ताटलीवर साखर झटका. तांबूस ठिपके चालताना दिसतील ते मोजा. माश्या परत पेटीत सोडा, त्या एकमेकींना चाटून साफ होतात. शेकड्याला तीनच्या वर गेले तर उशीर करू नका. याला ना कंपनी लागते ना सरकार, ताटली लागते.

आता त्या कोपऱ्यातल्या पेटीकडे. मी तिथे नाही, म्हणून रोग कुठला ते इथून सांगत नाही, पण कसं बघायचं ते सांगतो. दुपारी ऊन असताना, धूर थोडाच देऊन, पिल्लांची चौकट काढा आणि माश्या झटकून ती सूर्याकडे पाठ करून धरा, म्हणजे पोळ्याच्या घरांच्या तळाशी उजेड पडेल. झाकलेली घरं बघा. निरोगी झाकण कोरडं, किंचित फुगीर, बिस्किटाच्या रंगाचं असतं. झाकणं आत खचलेली, ओलसर तेलकट, मध्ये वेडंवाकडं भोक पडलेली दिसली तर एक आगकाडी घ्या, गुलाच्या उलट्या बाजूने त्या घरात घाला, ढवळा आणि हळूहळू बाहेर ओढा. तपकिरी चिकट तार निघून दोन-तीन सेंटिमीटर लांबली, तर तो अमेरिकन असण्याचा दाट संशय. वास तेव्हा सरसासारखा, सुकवलेल्या मासळीसारखा असतो. तार निघत नसेल, आणि झाकण पडायच्या आधीच पिल्लं पिवळट होऊन घरात आडवीतिडवी पडली असतील, वास आंबट असेल, तर युरोपियनकडे बोट जातं. आपल्याकडे बहुतेक वेळा तोच असतो.

फरक जिवाचा आहे. युरोपियनमधून वसाहत वाचू शकते. नवी राणी द्यायची, किंवा माश्या झटकून नव्या मेणपत्र्यांवर घ्यायच्या आणि जुनी पिल्लांची पोळी नष्ट करायची. अमेरिकनचे बीजाणू मात्र जुन्या पोळ्यात ३५ वर्षांनंतरही जिवंत सापडले आहेत. पाकातलं औषध वाढणाऱ्या जिवाणूला मारतं, बीजाणूला नाही. पेटी बरी दिसते आणि आत बी तसंच राहतं. मी मित्राला दिलेल्या चौकटींत काय होतं ते मी कधी तपासून घेतलं नाही. घेतलं असतं तर निदान कळलं असतं.

म्हणून आधी नमुना. रोगट पिल्लं असलेला तळहाताएवढा पोळ्याचा तुकडा कापा, मध नसलेला, आणि वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, बुरशी धरते. खोक्यावर तारीख, गाव, पेट्यांची संख्या लिहा. आणंद कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात आधी फोन करून विचारा आणि स्वतः घेऊन जा. नाहीतर पुण्याला खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. पुण्याला जाणारं कोणीतरी बडोद्याच्या मराठी घरात असतंच. उत्तर येईपर्यंत ५८ पैकी एकही पेटी ट्रकवर चढवायची नाही. मोहरी काही आठवड्यांनीही फुललेलीच असेल. तिथे शेकडो पेट्या शेजारी शेजारी लागतात, आणि तुमची एक पेटी सगळ्यांची होऊन जाते.

गटाला सांगायचं ते उत्तर आल्यावर नाही, आधीच सांगा. यजमानांना बरोबर घेऊन सांगा, त्यांच्याच तोंडून निघालं तर उत्तम. फार लांबण लावू नका: 'आमच्या एका पेटीला वास आहे, नमुना पाठवलाय, तोवर आम्ही हलत नाही, तुम्हीही आपापल्या पेट्या बघा.' एखादा तोंड वाकडं करेल. पण मला विचाराल तर पाचांतल्या निदान एकाच्या शेतावर अशीच एक पेटी कोपऱ्यात असणार आणि तो तुमच्या सांगण्याची वाटच बघत असणार. भिशीची गोष्ट त्याच बैठकीत काढा, लोखंड तापलेलं असेल.

पेटी जाळायची वेळ आलीच तर तेही सांगेन, कधी, किती खोल खड्डा, माश्या आत असताना कसं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आधी काडी घालून बघा आणि मला कळवा. तार निघाली तर त्याच संध्याकाळी, नाही निघाली तर सवडीने.